जपानमध्ये भाव न करता

तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करत वाढलेल्या माणसाला दुकानदाराने सांगितलेली पहिली किंमत ही किंमत वाटतच नाही. ती बोलणे सुरू करण्याची एक रीत वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी अकरा दिवसांसाठी भाचीकडे तोक्योला गेले, तेव्हा ही सवय सामानात न बांधताही माझ्याबरोबर आली होती. दुसऱ्याच दिवशी एका दुकानात मी तेनुगुई पाहत होते. तेनुगुई म्हणजे आपल्या पंचाच्या नात्यातले, साधारण हातभर रुंद आणि दोन हात लांब असे सुती कापड. त्याची दोन्ही टोके दुमडून शिवलेली नव्हती, सुटे धागे स्पष्ट दिसत होते, आणि त्यामुळे भाव पाडायला मला आयतेच कारण मिळाले होते. मी भाचीला म्हटले, "विचार ना, चार घेतले तर कितीला देतील? आणि टोके शिवलेली नाहीत, तेही सांग."

तिने विचारले नाही. "मावशी, चार घेतले तर चौपट," ती हळूच म्हणाली. "इथे भाव केला तर ते रागावत नाहीत, पण काय उत्तर द्यावे ते त्यांना कळत नाही. आणि टोके मुद्दाम तशीच ठेवतात." न शिवलेल्या टोकांत पाणी आणि मळ साठत नाही, कापड लवकर वाळते, आणि वेळप्रसंगी त्याची पट्टी टर्रकन फाडून जखमेला बांधता येते किंवा चपलेचा तुटलेला अंगठा सांधता येतो, हे तिने मला रस्त्यावर आल्यावर समजावले. कापडाची चूक म्हणून जे मी दाखवणार होते तेच त्याचे मर्म निघाले. रंगाचेही तसेच होते. कापडाच्या एकावर एक घड्या घालून वरून रंग ओततात आणि खालून तो शोषून घेतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच उमटते, उलट-सुलट असे काही राहतच नाही. मी चार तेनुगुई घेतले आणि चौपट पैसे मोजले, तेही हातात न देता काउंटरवरच्या छोट्या तबकात ठेवून, कारण तिथली रीत तशी आहे.

भाव न करणे हा जपानी माणसाचा जन्मजात स्वभाव असावा, असे मी तोवर धरून चालले होते. प्रत्यक्षात ती एका कापड दुकानदाराची युक्ती होती, आणि तिला सालसुद्धा आहे. इसे प्रांतातल्या मात्सुसाका गावचा व्यापारी मित्सुई ताकातोशी याने १६७३ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, एदोमध्ये म्हणजे आजच्या तोक्योमध्ये 'एचिगोया' नावाचे रेशमी कापडाचे दुकान काढले. तोपर्यंत मोठे कापड व्यापारी सरदारांच्या आणि धनिकांच्या घरी तागे घेऊन जात, समोरचा माणूस पाहून भाव सांगत, आणि पैसे मात्र वर्षातून एकदोनदा ठरलेल्या हिशेबाच्या दिवसांत वसूल करत; साहजिकच उधारीचे व्याज आणि बुडीत खात्याचा भार किमतीत आधीच मिसळलेला असे. मित्सुईने सांगितले की दुकानात या, रोख मोजा, आणि सगळ्यांना एकच भाव. शिवाय अख्खा तागा घ्यायची सक्ती नाही, हवे तेवढेच कापड कापून मिळेल. अचानक पाऊस आला तर गिऱ्हाइकाला दुकानाचे चिन्ह रंगवलेली छत्री उसनी मिळत असे, आणि त्या छत्र्या शहरभर फिरून दुकानाची जाहिरात करत. स्पर्धक व्यापारी चिडले. पण सामान्य नागरिकाला पहिल्यांदाच रेशमी कापडाच्या दुकानात ताठ मानेने शिरता आले. म्हणजे घासाघीस जपानमध्येही होती, आणि ती कोणा संताने नव्हे, तर जास्त माल खपावा म्हणून एका धूर्त वाण्याने बंद केली. हे कळल्यावर मला थोडे हायसे वाटले, हे कबूल करते.

त्याच एचिगोयाचे आजचे रूप म्हणजे तोक्योच्या निहोनबाशी भागातले मित्सुकोशी. मित्सुई आणि एचिगोया या दोन नावांतली चित्राक्षरे जोडून ते नाव झाले आहे. १९०४ मध्ये या दुकानाने नवे रूप घेतले आणि १९०५ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांतून जाहीर केले की यापुढे आपण अमेरिकेतल्यासारखे डिपार्टमेंट स्टोअर होणार. तरीही गिऱ्हाईक पुढे कित्येक वर्षे दारात जोडे काढूनच आत जात असे, कारण विक्री तातामी, म्हणजे गवती चटया, अंथरलेल्या बैठकीवर होई आणि जोडे सांभाळायला वेगळी माणसे असत. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेल्या इमारतींमध्ये मोठ्या दुकानांनी ही पद्धत सोडली. आमच्याकडे कापड दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून साड्या पाहिलेल्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

आम्ही सकाळी दहाच्या पाच मिनिटे आधी दारात उभ्या होतो. मुख्य प्रवेशाशी १९१४ सालापासून दोन काशाचे सिंह बसलेले आहेत, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सिंहांवरून बेतलेले. दहाच्या ठोक्याला दार उघडले आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले कर्मचारी कमरेत वाकून नमस्कार करू लागले. मला एक हातरुमाल घ्यायचा होता. एका हातरुमालासाठी इतक्या माणसांनी वाकावे हे इतके संकोचाचे वाटले की पहिल्या दालनातून मी जवळजवळ धावतच पुढे गेले, आणि थांबले ते मधल्या चौकात, जिथे 'मागोकोरो' नावाची, स्वर्गातून उतरणाऱ्या अप्सरेची सुमारे ११ मीटर उंच लाकडी मूर्ती उभी आहे. सातो गेन्गेन या शिल्पकाराने तिच्यावर दहाएक वर्षे काम केले आणि १९६० मध्ये ती इथे बसली. ती सुंदर आहे का, यावर भाचीचे आणि माझे एकमत झाले नाही. मला ती गणेशोत्सवातल्या एखाद्या फार श्रीमंत मंडळाच्या देखाव्यासारखी वाटली, आणि हे मी निंदा म्हणून लिहीत नाही.

हातरुमाल १,१०० येनांचा होता, तेव्हाच्या दराने सुमारे सहाशे रुपये. "भेट द्यायचा आहे का?" असे विक्रेतीने विचारले आणि मी मान डोलावली, ती केवळ पुढे काय होते ते पाहण्यासाठी. तिने रुमाल चपट्या खोक्यात ठेवला, मित्सुकोशीचा पांढरा-लाल कागद घेतला आणि खोके त्यावर सरळ न ठेवता तिरपे ठेवले. मग कागदाचा एक कोपरा वर ओढला, खोके त्याच्या कडेवर उभे केले, पुन्हा पाडले, पुन्हा उलटले, आणि प्रत्येक उलटीबरोबर कागदाची एक बाजू खोक्याला घट्ट बिलगत गेली. शेवटी जो त्रिकोणी पदर उरला तो बरोबर मध्यावर येऊन थांबला आणि तिथे तिने एकच गोल चिकटपट्टी लावली. कात्री नाही, मोजमाप नाही, दोरा नाही. सगळे मिळून वीसएक सेकंद लागले असतील. मी घरी त्याच कागदाने, त्याच खोक्यावर हे पाच वेळा करून पाहिले आणि प्रत्येक वेळी एक कोपरा उघडा राहिला. त्या कागदावरची गोट्यांसारखी लाल नक्षी चित्रकार इनोकुमा गेन्इचिरो यांनी १९५० मध्ये काढली, आणि तिच्यात रोमन लिपीतले 'मित्सुकोशी' हे वळणदार अक्षर लिहिले ते तिथे तेव्हा नोकरीला असलेल्या यानासे ताकाशी यांनी. पुढे हेच यानासे लहान मुलांच्या 'आन्पान्मान' या चित्रकथेचे जनक म्हणून घराघरांत पोहोचले. कागद फाडून टाकण्याची माझी छाती झाली नाही. तो आता आमच्या कपाटाच्या एका फळीवर अंथरलेला आहे.

बाहेर पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही आतच होतो आणि आत खिडक्या नव्हत्या. तरीही पुढच्या काउंटरवरच्या बाईने आमची कागदी पिशवी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. तिला पाऊस कसा कळला, असे मी विचारले. अनेक मोठ्या दुकानांत पाऊस आला की वाजणारे संगीत बदलतात आणि त्यावरून कर्मचाऱ्यांना खूण पटते, असे भाचीने सांगितले. एचिगोयाच्या त्या छत्र्यांची मला तिथे आठवण झाली.

थोड्याच अंतरावर ताकाशिमायाची १९३३ सालची इमारत आहे. डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीला राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून मान्यता मिळाली ती पहिल्यांदा हिलाच, २००९ मध्ये. इथल्या जुन्या लिफ्टमध्ये अजूनही हातमोजे आणि टोपी घातलेली, लिफ्ट चालवणारी सेविका असते. ती हाताने दार सरकवते आणि प्रत्येक मजल्यावर काय मिळते ते लयीत म्हणते. १९५० मध्ये याच इमारतीच्या गच्चीवर थायलंडहून आणलेले हत्तीचे पिल्लू क्रेनने चढवले होते. ताकाको असे नाव ठेवलेली ती हत्तीण चार वर्षे गच्चीवर मुलांचे मनोरंजन करत राहिली, आणि १९५४ मध्ये क्रेनला पेलवणार नाही इतकी वाढल्यामुळे तिला जिन्यावरून एकेक पायरी उतरवावे लागले. मी तो संगमरवरी जिना मुद्दाम चालत उतरले. हत्तीला तो अरुंदच पडला असणार.

तळघरातल्या खाद्यपदार्थांच्या बाजाराबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे, त्यामुळे मी लांबण लावत नाही. शाकाहारी माणसाने तिथे डोळ्यांनी पोट भरावे आणि गोडाच्या काउंटरकडे वळावे, कारण बहुतेक तिखटमिठाच्या पदार्थांच्या मुळाशी माशाचा अर्क असतो. नोव्हेंबर असल्याने गोड पदार्थ चेस्टनटचे आणि मेपलच्या पानांच्या आकाराचे होते. डिसेंबर लागला की ती पाने काउंटरवरून नाहीशी होतात, शिल्लक राहिली म्हणून कोणी विकत नाही. एवढे मात्र सांगते की ठरलेल्या किमतीच्या या देशातही संध्याकाळी सातनंतर तळघरात कर्मचारी चिकटपट्ट्यांचे रीळ घेऊन फिरू लागतात आणि जेवणाच्या डब्यांवर आधी वीस टक्के, मग निम्मी अशी सूट चिकटवत जातात. त्यांच्या मागून, घाई नसल्याचा आव आणत, हळूहळू चालणाऱ्या सुसंस्कृत आज्या पाहिल्या आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

आता माझ्या फसगतीबद्दल. पहिल्याच दिवशी भाची कामावर गेलेली असताना मी एका मोठ्या देवळासमोरच्या गल्लीत दोन वाडगे घेतले होते. बाहेरून काळे, आतून शेंदरी, वर सोनेरी सारस पक्षी, आणि जोडी २,४०० येनांना. "लॅकर, लॅकर, हॅन्डमेड," असे दुकानदार म्हणत होता, आणि मी ते मोठ्या अभिमानाने रात्री भाचीपुढे ठेवले. तिने वाडगा पाहिलाच नाही. तिने खोके उलटे केले आणि त्याच्या बुडावरचा बोटभर कागद वाचला. त्यावर तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. वस्तूचे नाव: कृत्रिम लाखभांडे. पृष्ठभागाचा लेप: युरेथेन. आतले अंग: एबीएस प्लास्टिक.

घरगुती वस्तूंच्या गुणवत्तेबद्दलचा जपानचा कायदा १९६२ चा आहे आणि त्यानुसार अशा भांड्यावर लेप कशाचा आणि अंग कशाचे हे लिहावेच लागते. लेप खऱ्या उरुशीचा, म्हणजे उरुशी झाडाच्या चिकाचा, असेल तरच 'शिक्की', म्हणजे लाखभांडे, हा शब्द नुसता वापरता येतो. नाहीतर त्याआधी 'कृत्रिम' हे विशेषण येते. अंगाच्या बाबतीतही 'नैसर्गिक लाकूड' वेगळे आणि लाकडाचा भुसा राळेत दाबून केलेले अंग वेगळे. थोडक्यात, कागद खरे बोलत होता. खोटे बोलले ते तोंड, आणि मला कागद वाचता येत नव्हता. आता फोनचा कॅमेरा धरला की भाषांतर होते, हे मला ठाऊक असूनही त्या गल्लीत मी फोन पिशवीतून काढला नव्हता, कारण वाडगे फार छान दिसत होते. ते वाडगे वाईट नाहीत. आमच्याकडे त्यांतून चिवडा खातात आणि ते भांडी घासताना आपटले तरी काही होत नाही. चीड आली ती दोन हजार येनांची नव्हे, तर चाळीस वर्षे बाजार करूनही पालथे घालून पाहायचे विसरले याची. पितळेचे पातेले मी कधी बूड न पाहता घेतलेले नाही.

त्यानंतर आठवड्याभराने एका मोठ्या दुकानाच्या सातव्या मजल्यावर मला खरे वाडगे भेटले. या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर एक प्रदर्शनाचे दालन असते आणि तिथला माल जवळजवळ दर आठवड्याला बदलतो. कधी होक्काइदोचे खाद्यपदार्थ, कधी क्योतोचे कारागीर. आम्ही गेलो तेव्हा तिथे नोतो द्वीपकल्पातल्या कारागिरांनी आपला माल मांडला होता. १ जानेवारी २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, वाजिमा गावातला सकाळच्या बाजाराचा प्रसिद्ध रस्ता त्यानंतरच्या आगीत बेचिराख झाला, आणि सावरू पाहणाऱ्या त्याच भागात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने पूर आला. वाजिमाची भांडी ही जपानच्या उरुशीकामातली सर्वांत नावाजलेली. तिथल्या अनेक कार्यशाळा पडल्या किंवा जळल्या, त्यामुळे आपल्या गावात माल मांडायला जागा नसलेले कारागीर शहरांतल्या मोठ्या दुकानांच्या अशा मजल्यांवर येऊन बसत होते.

टेबलामागच्या साठीच्या कारागिराने एकाच वाडग्याच्या सहा अवस्था ओळीने मांडल्या होत्या. पहिला नुसता केयाकी लाकडाचा, इतका पातळ की कडेला बोट लावायची भीती वाटावी. दुसऱ्याच्या काठावर आणि बुडाला उरुशीने कापडाची पट्टी चिकटवलेली, कारण भांडे आधी तिथेच फुटते. तिसऱ्यावर मातकट खरबरीत थर होता. वाजिमाजवळ मिळणारी एक विशिष्ट माती भाजून, दळून, उरुशीत कालवून तो देतात, आणि वाजिमाच्या भांड्यांचा टणकपणा याच मातीमुळे आहे. पुढे घासणे, लेप, पुन्हा घासणे, असे शंभराहून अधिक टप्पे. मी विचारले की प्रत्येक थर वाळायला किती दिवस लागतात, तेव्हा तो हसला आणि भाचीने भाषांतर केले, "वाळत नाही म्हणतात, मावशी. ओलाव्यात ठेवतात." उरुशी पाणी उडून जाऊन सुकत नाही, हवेतल्या दमटपणात तिच्यात रासायनिक बदल होऊन ती घट्ट होते, म्हणून भांडी लाकडी कपाटात, ओलसर हवेत ठेवतात. सावंतवाडीच्या कामातली लाख किड्यापासून मिळते; ही मात्र झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. "अंगावर उठते का?" असे विचारल्यावर कारागिराने मनगटावरचे जुने डाग दाखवले. आपल्याकडे बिब्बा उततो म्हणतात, तसाच हा प्रकार. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या एका झाडातून एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक निघतो आणि मग झाड तोडतात. जपानमध्ये वापरला जाणारा बहुतेक चीक आता चीनमधून येतो.

त्याने शेवटचा वाडगा माझ्या हातात दिला. आधी जाणवले ते वजन, म्हणजे वजन नसणे. मग त्यात गरम पाणी ओतून त्याने तो पुन्हा दिला, आणि हाताला चटका बसला नाही, नुसती ऊब आली. टेबलावर ठेवताना आवाज झाला तोही मऊ. किंमत २४,२०० येन होती, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या वर. एका वाडग्याचे तेरा हजार! मी तो ठेवला, दालनाला फेरी मारली, परत आले आणि घेतला. कमी कराल का, हे विचारायचे माझ्या मनातही आले नाही. पुढे कधी लेप झिजला तर परत पाठवा, पुन्हा चढवून देऊ, असे त्याने सांगितले आणि पत्त्याचा कागद आत घातला. खोक्यावर पारंपरिक हस्तकलेची अधिकृत चिठ्ठी होती. १९७४ च्या एका कायद्याने ही नोंदणी सुरू झाली. मुख्य काम हाताने झालेले असावे आणि तंत्र किमान शंभर वर्षे चालत आलेले असावे, अशा त्यातल्या अटी आहेत, आणि आजवर २४० हून अधिक कलांना तशी मान्यता मिळाली आहे. या वेळी मी बुडावरचा कागदही वाचला. लेप: उरुशी. अंग: नैसर्गिक लाकूड.

जपानमध्ये एका टोकाला जुन्या गल्ल्यांतली हस्तकला आणि दुसऱ्या टोकाला काचेची चकाचक दुकाने असतील, अशी माझी समजूत होती, आणि बहुतेक प्रवासवर्णने वाचून ती पक्कीच होते. प्रत्यक्षात गल्लीत मला प्लास्टिक मिळाले आणि लिफ्टने वर गेल्यावर उरुशी. यात चमत्कार नाही. मित्सुकोशी, १७१७ चे दाइमारू, १८३१ चे ताकाशिमाया ही सगळी मुळातली कापडाची दुकाने. विणकर, रंगारी आणि कुंभार यांच्याशी त्यांचा व्यवहार पिढ्यानपिढ्यांचा. ओसाकातले हान्क्यू मात्र वेगळ्या घराण्यातले, ते १९२९ मध्ये रेल्वे कंपनीने उमेदा स्थानकात काढले. काळजीची गोष्ट अशी की ही दुकानेच आता आटत आहेत. त्यांची एकत्रित विक्री १९९१ मध्ये सुमारे ९.७ लाख कोटी येनांवर होती, ती आता बरीच खाली आली आहे. २०२० च्या जानेवारीत यामागाता प्रांतातले शेवटचे डिपार्टमेंट स्टोअर बंद पडले, त्याच वर्षी तोकुशिमातले आणि २०२४ मध्ये शिमाने व गिफू इथलेही. नोतोच्या त्या कारागिराला सातवा मजला मिळाला तो तोक्योत असल्यामुळे.

शंभर येनांच्या दुकानांत, म्हणजे कर धरून ११० येनांच्या, मी दोन तास घालवले आणि तीन पिशव्या भरून आणल्या. त्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही.

सुरीविषयी मात्र म्हणायचे आहे. उएनो आणि आसाकुसा यांच्या मधोमध काप्पाबाशी नावाचा सुमारे ८०० मीटर लांबीचा रस्ता आहे आणि त्यावर उपाहारगृहांना लागणाऱ्या वस्तूंची दीडशेहून अधिक दुकाने आहेत: भांडी, टोप्या, नूडल्सचे झारे, काचेच्या कपाटात ठेवायच्या मेणासारख्या खोट्या पदार्थांच्या थाळ्या. इथे सुऱ्या घेण्यासाठी जगभरातून माणसे येतात. मी आयुष्यभर विळीवर बसून चिरले आहे, गुडघ्यांनी आता नकार दिला म्हणून सुरीकडे वळले. दुकानदाराने आधी विचारले की काय कापता. भाज्या, असे सांगितल्यावर त्याने सान्तोकू नावाची घरगुती सुरी पुढे ठेवली, आणि दोन पोलादांतला फरक समजावला: साध्या कार्बनच्या पोलादाची धार अप्रतिम, पण लिंबू कापून तशीच ठेवली तर तासाभरात गंज, दुसरी स्टेनलेस, धारेला थोडी उणी, स्वभावाने शांत. चिंच, आमसूल आणि कोथिंबीर यांत राहणाऱ्या स्वयंपाकघरात कोणती टिकेल हे उघड होते, तरी मी पहिली घेतली.

ती साकाईची होती. ओसाकाजवळच्या साकाईत एक सुरी एक माणूस करत नाही. लोहार पाते ठोकतो, धार लावणारा वेगळा, आणि मूठ बसवणारा आणखी वेगळा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानमध्ये आली, ती बारीक चिरायला सुऱ्या लागू लागल्या, आणि साकाईच्या सुऱ्यांचे नाव त्यातून झाले. पात्यावर नाव कोरून देऊ का, असे दुकानदाराने विचारले. माझे नाव सुमन. भाचीने ते कागदावर काताकाना लिपीत लिहून दिले. त्याने ते वाचले, तिच्याकडे पाहिले, पुन्हा वाचले, आणि नक्की हेच कोरायचे ना, असे विचारले. भाची हसू आवरत म्हणाली, "मावशी, जपानीत 'सुमान' म्हणजे 'माफ करा'. तेही म्हातारे काका म्हणतात तसे." मी म्हटले, कोर म्हणावे. त्याने पात्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, छिन्नीचे टोक टेकवले, आणि हलक्या हातोडीने टक टक करत तीन अक्षरे दोन मिनिटांत उमटवली, आधी रेघ न आखता. आता कांदा चिरण्यापूर्वी माझी सुरी रोज कांद्याची माफी मागते.

शेवटचे तीन दिवस क्योतोत होते. तिथे १८७५ पासून चालत आलेल्या काइकादो या घराण्याचा चहाचा डबा पाहिला. झाकण नुसते वर टेकवायचे आणि हात काढून घ्यायचा. आतली हवा हळूहळू बाहेर ढकलत ते आपल्या वजनाने खाली उतरते आणि शिवण जुळल्यावर थांबते. सुमारे १३० कृतींनी तो तयार होतो. मी झाकण चार वेळा उतरवून पाहिले आणि घेतला नाही, कारण वाडग्याने पैसे संपवले होते.

२१ तारखेला तोजी देवळाच्या आवारात महिन्याचा बाजार भरतो. जुन्या वस्तूंच्या या बाजारात थोडाफार भाव चालतो, असे भाचीने सांगितले तेव्हा मी चपला घालून आधीच दारात उभी होते. एका म्हाताऱ्याकडे जुन्या कापडांचे तुकडे होते, काही तळहाताएवढेच. चहाच्या समारंभातल्या मौल्यवान बरण्यांना पिशव्या शिवण्यासाठी अशा तुकड्यांना पूर्वीपासून मान आहे, आणि त्यांतले कित्येक मूळचे हिंदुस्थानातले. छापील रंगीत सुती कापडाला जपानीत 'सारासा' म्हणतात, ते पोर्तुगीज आणि डच जहाजांतून आपल्याकडून गेले. मद्रासजवळच्या सान तोमेवरून एका पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला 'सान्तोमे' हे नाव पडले. म्हातारा एकेक तुकडा उचलून नाव सांगत होता आणि भाची मला सांगत होती. एका पातळ, बारीक रेघांच्या, तपकिरी रेशमी तुकड्यावर तो म्हणाला, "चाउ-जिमा."

जिमा म्हणजे पट्टे. चाउ म्हणजे काय, ते भाचीने फोनवर शब्दकोशात पाहिले आणि फोन माझ्यापुढे धरला. चाउ म्हणजे चौल. अलिबागजवळचे, रेवदंड्याला लागून असलेले, नारळी-पोफळीतले आपले चौल, जिथे शाळेची सहल गेली होती आणि पोर्तुगीजांच्या तटाजवळ आम्ही डबे खाल्ले होते. तिथून आलेल्या रेशमी कापडावरून हे नाव पडले, ते जपानी पुरुषांच्या हाकामासाठी, म्हणजे कमरेपासून खालच्या घोळदार चुणीच्या वस्त्रासाठी, वापरत, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतोचे विणकर तसेच कापड स्वतः विणू लागले. हातातला तुकडा क्योतोतच विणलेला होता, असे म्हाताऱ्याने स्वतःहून सांगितले.

किंमत ३,००० येन. मी दोन बोटे वर केली. त्याने डोके हलवले आणि बोटाने हवेत २,८०० लिहिले. मी तुकडा खाली ठेवला आणि निघाल्यासारखे केले, तुळशीबागेत करतात तसे, दोन पावले. भाची भलतीकडेच पाहत होती. मागून त्याचा आवाज आला, आणि आमचे २,५०० वर जमले. त्याने तो तुकडा आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.